ओल्या चादरींचं वजन

माझी वहिनी खोटं बोलत नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्या तीन आठवड्यांत तीन जणांनी आपापल्या पद्धतीने सुचवलं की ती खोटं बोलतेय, आणि त्यातला एकही जण तिला पुरता ओळखत नव्हता. मी एकवीस वर्षं ओळखते. लग्न होऊन आमच्या घरात आली त्याच आठवड्यात तिने माझ्या दादाला सांगितलं होतं की तुमचा गळा चांगला नाही, आंघोळ करताना गाऊ नका. दादा तेव्हापासून गात नाही. असं माणूस.

ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, लाँड्रीत काम करते. चौदा वर्षं झाली. वरच्या सहा मजल्यांवरच्या चादरी, अभ्रे, ब्लँकेटं, ऑपरेशनचे हिरवे डगले असं सगळं भिंतीतल्या रुंद नळकांड्यातून खाली घसरत येतं. तिथे चार मशीनं आहेत, वाकून आत हात घातला की माणूस कमरेपर्यंत दिसेनासा होईल एवढी मोठी. धुणं झालं की ओला माल कॅनव्हासच्या झोळीत भरायचा आणि छताच्या रुळावरून फिरणाऱ्या विजेच्या कप्पीने ती झोळी उचलून वाळवायच्या मशीनकडे न्यायची, अशी पद्धत. पण ती कप्पी सात महिने बंद होती. तिच्या खांबावर एक कागद चिकटवला होता, 'दुरुस्ती प्रलंबित'. त्यात तीन नंबरचं मशीन नीट पिळायचं नाही, कपडे निथळतच बाहेर यायचे. आधी दोघी मिळून ते उचलायच्या. मग वहिनीची जोडीदारीण निवृत्त झाली आणि तिच्या जागी कोणी आलंच नाही. तेव्हापासून वहिनी एकटी. या सगळ्यावर एक सुपरवायझर होता. बायका त्याला 'घड्याळ' म्हणायच्या, कारण तो आधी मनगटाकडे बघायचा आणि मग माणसाकडे.

त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास तीन नंबरच्या मशीनमध्ये ब्लँकेटं आणि चादरी एकमेकींत पीळ पडून अडकल्या. वहिनीने मशीनच्या कडेला एक पाय लावला, दात आवळले, श्वास कोंडला आणि खेचलं. गठ्ठा सुटला. तो छातीशी धरून तिने उचलला आणि गाड्यात टाकला. कुठे दुखलं नाही, काही तुटल्याचं जाणवलं नाही. ती सरळ उभी राहिली आणि उजव्या डोळ्यासमोर, बरोब्बर मधोमध, एक गडद लाल डाग आला.

तिला वाटलं साबणाचं पाणी उडालं. डोळा धुतला, पुन्हा धुतला, डाग जागचा हलेना. मग तिने डावा डोळा हाताने झाकून दाराकडे बघितलं. दारात घड्याळ उभा होता. त्याचे बूट दिसत होते, पट्टा दिसत होता, टायही दिसत होता. डोकं नव्हतं.

"पण खरं सांगू," ती नंतर मला म्हणाली, "त्याने फारसा फरक पडला नाही."

हे ती हसून म्हणाली, पण त्या दिवशी तिला हसू येत नव्हतं. घड्याळ म्हणाला, पावडर गेली असेल, आणि तिला तळमजल्यावरच्या स्टाफच्या डॉक्टरकडे पाठवलं. हा डॉक्टर फक्त कर्मचाऱ्यांना बघतो. त्याने बॅटरी मारून डोळा बघितला. डोळा लाल नाही, पाणी नाही, दुखणं नाही. मग तक्रार काय, असं त्याने विचारलं. मधलं दिसत नाही, वहिनी म्हणाली. त्याने साखर आहे का विचारलं, घरी काही भांडणतंटा आहे का विचारलं, वय विचारलं. सेहेचाळीस म्हटल्यावर मान हलवली, जणू त्यातच सगळं आलं. रक्तदाब मोजला, तो वाढलेला निघाला. एक डोळा अचानक गेल्यावर कोणाचा वाढणार नाही? त्याने कागदावर लिहिलं : 'रक्तदाब. दृष्टीचा जुना त्रास असण्याची शक्यता.' गोळ्या दिल्या, थेंब दिले, दोन दिवस विश्रांती सांगितली.

त्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर डोळ्यांचा मोठा विभाग आहे. लांबलांबून लोक येतात तिथे. वहिनीने विचारलं, वर दाखवू का?

"प्रत्येक डोळ्याला वर पाठवत बसलो," तो म्हणाला, "तर वर बसायला जागा उरेल का?"

यालाच आपल्याकडे दिव्याखाली अंधार म्हणतात.

वहिनीने घरी येऊन दादाला तेवढंच सांगितलं. दादा शाळेची बस चालवतो. स्वभावाने गरीब, वादाची त्याला भीतीच वाटते. डॉक्टरने सांगितलंय तर दोन दिवस बघू, असं त्याचं म्हणणं पडलं. दोन दिवसांनी ती कामावर गेली आणि पुन्हा तेच ओले गठ्ठे उचलू लागली. हे आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. डोळ्यात रक्त साचलेलं, आणि बाई वजन उचलतेय.

मला हे रविवारी कळलं. मी पडदे शिवते. गल्लीच्या टोकाला माझं लहानसं दुकान आहे आणि रविवारी वहिनी गप्पा मारत मला हूक ओवून देते. तिचं काम इतकं नेमकं असतं की मी कधी तपासत नाही. त्या दिवशी तिने पट्टीच्या शेजारी, नुसत्या हवेत हूक घातला. मग पुन्हा तसंच. मी शिलाई थांबवली आणि विचारलं. तिने सगळं सांगितलं, तेही असं की जणू शेजारच्या बाईची गोष्ट सांगतेय. मी माझा टेप तिच्यासमोर ताणून धरला आणि डावा डोळा झाकायला सांगितलं. तिला वीस दिसला, चाळीस दिसला, तीस दिसेना. तीसच्या जागी नुसतं लाल-काळं भोक, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौकातल्या चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने काचा बदलून बघितल्या आणि फ्रेम बाजूला ठेवली. प्रामाणिक माणूस, दोन चष्मे विकून मोकळा झाला नाही. यात माझ्या काचेचं काम नाही, म्हणाला, डोळ्याच्या मागे काहीतरी झालंय, बाहुली मोठी करून आतला पडदा बघायला हवा, आणि तो आजच.

आम्ही तशाच हॉस्पिटलला गेलो. पाचव्या मजल्यावरच्या खिडकीत वहिनीने सवयीने कामाचं ओळखपत्र पुढे केलं आणि तिथेच घोडं अडलं. कर्मचारी असाल तर स्टाफच्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. खाली गेलो, तर स्टाफचा डॉक्टर गुरुवारपर्यंत रजेवर. तोपर्यंत दुसरं कोणी? कोणी नाही. म्हणजे रस्त्यावरून आलेला कोणीही माणूस वर जाऊ शकत होता, फक्त त्या इमारतीतल्या चादरी धुणारी बाई जाऊ शकत नव्हती.

बुधवारी मी दुकान बंद ठेवलं. वहिनीचं ओळखपत्र माझ्या पिशवीत टाकलं आणि तिला म्हटलं, आज तू कोणी नाहीस, नुसती रोगी आहेस. सकाळी सातला रांगेत उभ्या राहिलो, सगळ्यांसारखा केसपेपर काढला. वहिनीला ते चोरी केल्यासारखं वाटत होतं. बाकावर ती अंग चोरून बसली होती. समोरून एक स्ट्रेचर गेलं तेव्हा तिने त्यावरच्या चादरीची कड चिमटीत धरून बघितली आणि पुटपुटली, दमट आहे अजून, तीन नंबरची.

साडेअकराला आमचा नंबर लागला. डोळ्यांच्या डॉक्टर पंचावन्नच्या पुढच्या, बुटक्या, घोगऱ्या आवाजाच्या. चष्मा केसांत खोचलेला. त्यांनी स्टाफच्या डॉक्टरचा कागद वाचला, उलटा करून मागे काही लिहिलंय का ते बघितलं आणि टेबलावर पालथा घातला.

"डाग आला त्या क्षणी काय करत होतात?"

हा प्रश्न नऊ दिवसांत पहिल्यांदा विचारला गेला. वहिनी गोंधळली. काम, म्हणाली. काम म्हणजे काय, हात कुठे होते, पाय कुठे होता, श्वास चालू होता की धरला होता? वहिनीला शब्दांत सांगता येईना, म्हणून ती उठली आणि तपासणीच्या खुर्चीवर पाय लावून, वाकून दाखवू लागली. तिने दात आवळले आणि श्वास धरला तसा डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे. कळलं. आता सोडा तो श्वास."

मग त्यांनी घाई केली नाही. दोन्ही डोळ्यांत थेंब घालून आम्हाला तासभर बसवलं. वहिनीच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, तिला सगळा उजेड टोचायला लागला. मग तक्ता, डोळ्याचा दाब, हनुवटी टेकवून दिव्यातून बघणं, कपाळाला भिंग बांधून चारी बाजूंनी बघणं. वर बघा, खाली बघा, डावीकडे, उजवीकडे. पडद्याला कुठे फाट नाही ना, हे त्या बघत होत्या. मग एका यंत्रावर पडद्याचे आडवे छेद काढले. शेवटी मलाही आत बोलावलं आणि संगणकावर चित्र दाखवलं.

नारिंगी रंगाचा एक गोल. मधोमध गडद लाल डाग, खालून वाटीसारखा गोल, पण वरची कड फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ.

"हा यांचा पडदा," डॉक्टर म्हणाल्या. "हा मधला भाग, ज्याने आपण वाचतो, चेहरे ओळखतो. त्याच्यावर एक पातळ पापुद्रा असतो आणि त्या पापुद्र्याखाली रक्त साचलंय. पिशवीत पाणी साचावं तसं. माणूस बसला की रक्त तळाशी बसतं, म्हणून वरची रेघ सरळ दिसते."

पडदे शिवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण माणसाच्या आत असा एक पडदा आहे आणि तोही ओझ्याने बिघडतो, हे मला ठाऊक नव्हतं.

मी विचारलं, हे रक्तदाबाने झालं का? त्यांनी डाव्या डोळ्याचं चित्र शेजारी लावलं. ते स्वच्छ होतं. साखरेने किंवा रक्तदाबाने झालं असतं तर सहसा दुसऱ्या डोळ्यातही खुणा सापडतात, त्या म्हणाल्या, इथे एकही नाही. तरी त्यांनी साखर आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या लिहून दिल्या, रक्तदाब तिथेच पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने तीनदा मोजायला लावला. तिन्ही वेळा तो जागेवर होता. दुसऱ्या दिवशी रक्ताचे रिपोर्टही चांगले आले. आधी बाकी सगळं नाही हे बघायचं, मगच ओझ्याचं नाव घ्यायचं, नाहीतर आपणही उचलली जीभ लावली टाळ्याला असं करणारे, हे त्यांचं म्हणणं मला फार आवडलं. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी त्यांनी शेजारच्या विभागातल्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, आणि त्यांनी त्या बंद केल्या.

श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो, त्यांनी समजावलं. डोक्याकडून परत येणारं रक्त तुंबतं. डोळ्यातल्या शिरा केसापेक्षा बारीक असतात, त्यातली एखादी फुटते. कोणाला जोराच्या उलटीने होतं, कोणाला खोकल्याच्या उबळीने, कोणाला अवघड बाळंतपणात, कोणाला जड वजनाने.

"यात नवल काही नाही," त्या म्हणाल्या. "नवल हे की नऊ दिवस कोणी विचारलं नाही."

वाट बघितली तर रक्त आपोआप जिरतं, पण बरेच महिने लागू शकतात, आणि इतकं रक्त बरोब्बर मध्यावर इतके दिवस राहणं बरं नाही. दुसरा मार्ग म्हणजे लेझरने त्या पापुद्र्याला खालच्या बाजूला बारीक भोक पाडायचं, म्हणजे रक्त मध्यावरून खाली उतरतं. रक्त ताजं असतानाच हे नीट होतं, फार उशीर झाला तर होत नाही. धोका किती, फायदा किती, ते त्यांनी दोनदा सांगितलं. वहिनीने एवढंच विचारलं की मला माणसांचे चेहरे दिसतील ना. बहुतेक दिसतील, त्या म्हणाल्या. शुक्रवारी लेझर झालं. मी दाराबाहेर होते. तीन-चार टिचक्या ऐकू आल्या म्हणे, आणि मग लाल डागातून धुराची रेघ खाली उतरावी तसं तिला दिसलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही दिवस धुरकट दिसेल, उंच उशी घेऊन झोपा आणि वजन अजिबात उचलू नका.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. कारण डोळ्यातलं रक्त खाली उतरलं, पण हॉस्पिटलच्या माणसांचा आव काही उतरला नाही.

रजेसाठी डॉक्टरांनी कागद दिला होता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं : कामावर श्वास रोखून जड ओझं उचलताना पडद्यावर रक्तस्राव. दादाने तो कागद कर्मचाऱ्यांच्या कचेरीत नेऊन दिला. सोमवारी वहिनीला बोलावणं आलं. दादाला बस होती, म्हणून मी गेले.

कचेरीतला अधिकारी तरुण होता, बोलणं लोण्यासारखं. त्याने आम्हाला पाणी दिलं, तब्येतीची चौकशी केली. शेजारी घड्याळ बसला होता. मग अधिकाऱ्याने एक छापील फॉर्म पुढे सरकवला. रजा पूर्ण मिळेल, उपचार सवलतीत होतील, सगळं सुरळीत होईल, फक्त इथे एक सही. त्याने बोट ठेवून जागा दाखवली.

वहिनीचा उजवा डोळा अजून धुरकट होता. तिने फॉर्म जवळ घेतला, लांब धरला.

"मला इथलं नीट दिसत नाही," ती म्हणाली. "आणि जे दिसत नाही त्यावर मी सही करत नाही. वन्सं, तुम्ही वाचा."

ती मला एरवी कधी वन्सं म्हणत नाही, अगंतुगंच चालतं आमचं. ती चिडली की तिच्या तोंडून असे मानाचे शब्द निघतात. मी मोठ्याने वाचलं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'घरगुती काम करत असताना'. पाचव्या ओळीत, 'दृष्टीच्या जुन्या त्रासाची पूर्वकल्पना असूनही कर्मचाऱ्याने ती दिली नाही.'

म्हणजे ओझं त्यांचं, डोळा तिचा आणि चूकही तिचीच. चोराच्या उलट्या बोंबा ऐकून होते, त्या छापील फॉर्मवर बघायचं बाकी होतं. मी बोलायला तोंड उघडलं, पण वहिनीने टेबलाखाली माझा हात दाबला आणि अगदी शांतपणे विचारलं की मी मंगळवारी दहा वाजता घरी होते, तर हजेरीच्या मशीनवर माझं बोट कोणी लावलं?

अधिकारी हसला. फॉर्मची भाषा ठरलेली असते, म्हणाला, ती मनाला लावून घेऊ नका. घड्याळ म्हणाला की कप्पी असताना कोणी हाताने उचलत असेल तर तो ज्याचा त्याचा उत्साह. मी म्हटलं, कप्पी बंद आहे. तो म्हणाला, कोण म्हणतं? आणि वरच्या डॉक्टरांचं मत हे एक मत झालं, अधिकारी म्हणाला, आमच्या डॉक्टरांनी दुसरं लिहिलंय. मी म्हटलं, मग वरच्या डॉक्टरांनाच फोन करा.

त्याने केला, आणि तोही आमच्यासमोरच, कारण त्याला खात्री होती. वाक्य जरा सौम्य करता येईल का, असं त्याने गोड आवाजात विचारलं. 'कामाशी संबंध निश्चित सांगता येत नाही' असं काहीतरी. मग पलीकडचं ऐकून फोन ठेवला. वीस मिनिटांनी दार उघडलं. डॉक्टर बाहेरचे रोगी टाकून आल्या होत्या, चष्मा केसांतच. बसल्या नाहीत.

"तुम्हाला कारण निश्चित करून हवंय ना," त्या म्हणाल्या. "चला खाली."

आम्ही पाच जण तळघरात गेलो. वाफ, ओल्या कापडाचा वास, मशीनांची घरघर. डॉक्टर त्या इमारतीत बावीस वर्षं काम करत होत्या आणि लाँड्रीत पहिल्यांदाच येत होत्या, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. कप्पीच्या खांबावरचा कागद गायब होता. डिंकाचे चार ठिपके तेवढे राहिले होते. बाकीच्या बायकांनी हातातलं काम थांबवलं. डॉक्टरांनी घड्याळला विनंती केली की बटण दाबून दाखवा. त्याने दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, जोरात दाबलं. फ्यूज असेल, म्हणाला. फ्यूजपेटी कुठे आहे, डॉक्टरांनी विचारलं. एका बाईने बोट दाखवलं. पेटी उघडली तर आत तारच नव्हती आणि कोळ्याचं जाळं होतं.

त्याच वेळी तीन नंबरचं मशीन थांबलं. डॉक्टरांनी वॉर्डातून रोग्यांना तोलायचा सपाट काटा मागवला आणि दोन बायकांकडून तो गठ्ठा त्यावर ठेववला. जमिनीवर पाणी पसरलं. काट्यावर आकडा थांबला, त्रेचाळीस किलो.

अधिकाऱ्याला काय सुचलं कोण जाणे. इतकं काही जड वाटत नाही, असं म्हणत तो बाह्या सरसावून पुढे वाकला. डॉक्टरांनी त्याला अडवलं.

"नको. एका डोळ्याचा हिशोब अजून द्यायचाय तुम्हाला, दुसरा वाढवू नका." मग वहिनीकडे वळून त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या टेबलावर रोज तुमच्या चादरी असतात. एकदा खाली यायला हवं होतं मी."

 वहिनी म्हणाली, जिना घसरडा आहे, जाताना सांभाळून जा.

पुढचं पटापट झालं. सात महिन्यांत न झालेली कप्पी नऊ दिवसांत दुरुस्त झाली. अपघाताच्या वहीत मंगळवार, सकाळी दहा, लाँड्री, अशी नोंद झाली. डॉक्टरांनी काट्यावरचा आकडा स्वतःच्या हाताने कागदावर लिहून खाली सही केली होती, म्हणून ती टाळता आली नाही. स्टाफच्या डॉक्टरने आपला कागद दुरुस्त केला, पण 'नव्याने उपलब्ध माहितीनुसार' असं लिहून. नवी माहिती कसली? माहिती त्याच्यासमोर स्टुलावर बसली होती. घड्याळ आहे तिथेच आहे. माफी कोणी मागितली नाही. मी मागायला लावणार होते, वहिनी नको म्हणाली. मागून घेतलेल्या माफीचं लोणचं घालायचं का, असं म्हणाली.

सहा आठवड्यांनी तिला बऱ्यापैकी दिसू लागलं. दोन महिन्यांनी तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचता आली. सरळ रेघेत एका जागी तिला अजून बारीकसा बाक दिसतो. तो कदाचित तसाच राहील, डॉक्टर म्हणाल्या. लवकर आली असती तर राहिला असता का, हे मी विचारलं. खात्रीने सांगता येणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्या खोटं बोलत नाहीत हेही मला एव्हाना कळलं होतं. आता वहिनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालते. वजनाचं काम तिला बंद आहे.

ती परत कामावर गेली त्याच आठवड्यात लाँड्रीच्या दारावर एक नवी सूचना लागली. चौकटीत, ठळक अक्षरांत : 'वजन उचलताना कर्मचाऱ्यांनी श्वास रोखू नये. अन्यथा होणाऱ्या इजेस कर्मचारी स्वतः जबाबदार राहील.' वहिनीने मला ते घरी येऊन सांगितलं तेव्हा मी हातातली कात्री खाली ठेवली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेलं ज्ञान त्यांनी असं वापरलं होतं. निवृत्त बाईच्या जागेचं काय, मशीन नीट पिळत नाही त्याचं काय, यावर एक अक्षर नाही. श्वास तेवढा सोडा.

मी म्हटलं, उद्या मी येते आणि तो कागद फाडते.

"फाडू नकोस," वहिनी म्हणाली. "आम्ही त्यावर उत्तर दिलंय."

लाँड्रीतल्या अकरा बायकांनी मिळून एक अर्ज लिहिला होता. ओला गठ्ठा उचलायला दोघी हव्यात, तीन नंबरचं मशीन दुरुस्त व्हावं, आणि होईपर्यंत ते चालवणार नाही. खाली अकरा सह्या. पहिली सही वहिनीची. अर्ज देऊन त्या कामाला लागल्या आणि तीन नंबरला कोणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी वॉर्डांतून चादरी कमी पडल्याचे फोन सुरू झाले, चौथ्या दिवशी मेकॅनिक आला. दुसऱ्या बाईची जागा भरायला मात्र तीन महिने लागले, आणि तीही अर्ध्या वेळाची.

दादा म्हणतो, झालं ना सगळं नीट, आता सोड. वहिनीही तेच म्हणते. मी सोडत नाही. पडदे शिवताना मला मधूनच तो स्टाफचा डॉक्टर आठवतो, त्याची बॅटरी आठवते, आणि सुई बोटात जाते. डाग आला तेव्हा काय करत होतात, एवढं एक वाक्य विचारायला त्याला काय पडलं असतं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.